टोपीतली काडी

शनिवारी सकाळी दहा चाळीसला यतीनने वाळल्या गवताच्या गठ्ठ्यातून एक काडी उपसली आणि टोपीत खोचली. नीलाने ते पाहिलं.

नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातला हा स्कॉटिश मेळा. नीला बॅगपाइप-बँडमध्ये ड्रम वाजवायची. या माणसाला ती ओळखत नव्हती, पण त्याच्या अंगात मॉरिसव्हिलच्या गणेशोत्सवाचा टी-शर्ट होता.

"काय काय काम येतं तुम्हाला?" तिने मराठीत विचारलं.

तो वळला. कमरेला चौकड्यांचा स्कॉटिश घागरा, म्हणजे किल्ट, गळ्यात ड्रम आणि तोंडी मराठी... "म्हणजे?"

"तुम्ही उभे आहात तिथला हा दगडी खांब बघा. स्कॉटलंडमधल्या एका खेड्यातल्या बाजारखांबाची नक्कल आहे. तिकडे जत्रेत ज्याला काम हवं असायचं तो टोपीत काडी खोचून उभा राहायचा. मालकाने हातात हात दिला की सहा महिन्यांची नोकरी पक्की. मला वाटलं, उमेदवार आहात."

तो हसला नाही. "आहे. ले-ऑफ होऊन एक्केचाळीस दिवस झाले. व्हिसाच्या नियमाने या देशात राहायला एकोणीस उरलेत."

"सॉरी, मी उगाच—"

"नाही, विचारा ना. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणी आपणहून इंटरव्ह्यू घेतंय."

"बरं... अनुभव?"

"सात वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग. दुसऱ्यांच्या चुका शोधतो."

"म्हणजे स्वभाव भांडखोर."

"चहा चांगला करतो."

"रेझ्युमेत आहे हे?"

"आज घालतो."

दोघांनी मिळून ओंडकाफेक पाहिली, मेंढ्या वळवणारी कुत्री पाहिली. दुपारपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं. तीन वाजता नीलाचा बँड मैदानात उतरला तेव्हा यतीन कडेच्या दोरीशी उभा होता.

नंतर पार्किंगमध्ये धुकं उतरलं होतं. तो तिचा ड्रम उचलून चालत होता.

"दुसऱ्या धूनमध्ये तुझा एक ठोका उशिरा पडला."

"कुणाच्या लक्षात नाही आलं."

"माझ्या आलं."

"टेस्टर आहेस ना? मग कारण शोध."

तो थांबला. "मी... समोर उभा होतो म्हणून?"

नीलाने गाडीचं दार उघडलं, पण बसली नाही. "रिपोर्ट बरोबर आहे."

"नीला, सहा महिन्यांचं मी कबूल नाही करू शकत. एकोणीस दिवसांचं करतो."

तिने हात वर करून त्याच्या टोपीतली काडी काढून घेतली. मग दुसरा हात पुढे केला. त्याने तो धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.

आज बुधवार. दुसऱ्या राज्यातल्या शॉमबर्गच्या एका कंपनीने यतीनला शुक्रवारी इंटरव्ह्यूच्या शेवटच्या फेरीला बोलावलं आहे. पुण्याला परतायचं तिकीट त्याने अजून कॅन्सल केलेलं नाही. पंधरा दिवस उरलेत. काडी नीलाच्या ड्रमच्या पिशवीत आहे.