दाण्याचं वय

तालदाण्याची भट्टीतली चाचणी सुनेत्रा कोठावदे हिने स्वतः केली होती. ती इतकी चोख होती की नाशिकच्या तिच्या प्रयोगशाळेत नव्याने रुजू होणाऱ्यांना तिचा अहवाल नमुना म्हणून वाचायला देत. एकशे तीस अंशांवर दोन हजार तास. दर शंभर तासांनी दाणे बाहेर काढायचे, थंड करायचे, मोजायचे आणि परत भट्टीत. वीस वेळा मोजलं, आकडा जागचा हलला नाही. इलेक्ट्रॉनिक्समध्ये सगळे असंच करतात. उष्णतेत वस्तू लवकर म्हातारी होते, म्हणून काही आठवडे भाजून पुढच्या वर्षांचा अंदाज बांधतात.

तालदाणा म्हणजे हृदयात बसवायचं तांदळाएवढं यंत्र. त्याला बॅटरी नाही. छातीवर चिकटवलेल्या पट्टीतून वीज मिळते. आत एक धारित्र असतं, म्हणजे विजेचा तांब्याच. तो भरला की रिकामा होतो आणि हृदयाला एक टिचकी बसते. मिनिटाला बहात्तर. चार हजार माणसं या टिचक्यांवर जगत होती, आणि त्यांत सुनेत्राचे वडील होते. सहा वर्षांपूर्वी अण्णा नको नको म्हणत असताना तिनेच हट्टाने दाणा बसवायला लावला होता.

आता डॉक्टरांची पत्रं येऊ लागली होती. कोणाची नाडी नव्वद, कोणाची शंभर. अण्णांची एकशे चार.

पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक सदानंद वाघुळदे यांना तिने मुद्दाम बोलावून घेतलं. त्यांनी अहवाल वाचला, मग पहिल्या पानावर परत आले आणि तापमानाच्या आकड्यावर बोट ठेवून बसून राहिले.

"तांब्या लहान होतोय," ते म्हणाले. "हा बेरियम टायटनेटचा प्रकार. यात विजेच्या दिशेने वळणारे असंख्य सूक्ष्म गट असतात. ते वळतात म्हणून एवढ्याशा तुकड्यात इतकी वीज मावते. पण नुसतं पडून राहिलं तरी हे गट हळूहळू रुतून बसतात, गादीतला कापूस बसतो तसे. तुमचं मिश्रण नवं आहे, ते जरा जास्तच रुततंय. वीज कमी मावते, तांब्या लवकर भरतो, टिचक्या वाढतात."

"पण भट्टीत तर काहीच झालं नाही, सर."

"एकशे वीस अंशांच्या वर ती सगळी मांडणी मोडते आणि थंड होताना नव्याने होते. कापूस पिंजून घ्यावा तशी. तुम्ही त्याला म्हातारा करत नव्हता, बाई. दर शंभर तासांनी तरुण करत होता."

इतक्या काळजीने केलेली चूक आपल्या आयुष्यात दुसरी नाही, हे सुनेत्राला त्या क्षणी कळून चुकलं.

दाणा पुन्हा तापवणं हा उपाय सोपा होता आणि माणसाच्या शरीरात अशक्य होता. पट्टीची वीज कमी करून भागेना, कारण तांब्यात पडणारी धार बदलू नये अशी रचना तिच्याच गटाने सुरक्षिततेसाठी केली होती. धडधाकट माणसाला शस्त्रक्रिया करून जुन्या पद्धतीचं यंत्र बसवता आलं असतं. अण्णांना ती झेपणार नाही, असं तीन डॉक्टरांनी सांगितलं. पण बाकीच्यांना वेळ होता. त्यांना परत बोलवायचा अधिकार चौकशी समितीचा, आणि समितीला पुरावा हवा होता. दाणे बनवणारी कंपनी म्हणत होती, वयानुसार हृदयं बिघडताहेत. शिवाय गेलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांनी डब्यांत घालून पाठवलेले पाच दाणे तपासले होते, पाचही निर्दोष. याचा अर्थ वाघुळद्यांनाही लावता येईना. सहा वर्षं नुसता पडून राहिलेला दाणा कोणी जपला नव्हता. आज ठेवला तर सहा वर्षांनी उत्तर मिळालं असतं.

अण्णांनी चाळीस वर्षं मोटारी रिवाइंड केल्या होत्या. वॉर्निश लावलेली गुंडाळी भट्टीत ठेवण्यात त्यांचा हात धरणारा नाशकात नव्हता. लेकीने सगळं सांगितल्यावर ते थोडं हसले, दम लागला म्हणून थांबले.

"माझा दाणा घे," ते म्हणाले. "मी गेल्यावर काढ आणि मोज. चार हजार लोकांचं काम होईल."

"अभद्र बोलू नका हो," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

पुढच्या दोन महिन्यांत अण्णांनी आणखी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा आईने तो मोडला, आणि खरं सांगायचं तर सुनेत्रालाही ते बरंच वाटलं. कधी, कुठे, कोण काढणार, हे बोलायचं राहूनच गेलं.

एका सकाळी नऊ वाजता, नाडी एकशे चाळीसवर असताना, अण्णा घरीच गेले. जळगावहून भाऊ आला. पुढचं सगळं घरातल्या जाणत्या माणसांनी हातात घेतलं, आणि तीन वाजता अण्णा अमरधाममध्ये चितेवर होते. दाण्याचं भान सुनेत्राला होतं. अस्थी सावडताना तो मिळेल, बाकीच्यांना मिळाला तसा, एवढंच तिने रडता रडता मनाशी धरलं होतं. भावाने अग्नी दिला. लाकडं पेटली, धग अंगावर आली म्हणून सगळे दोन पावलं मागे सरकले, आणि तेव्हा तिला ते पाच डबे आठवले. त्यांतले दाणेही चितेतूनच निघालेले, म्हणजे आगीने पुन्हा तरुण झालेले, हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ती पुढे धावली. भावाने तिला घट्ट धरून ठेवलं. त्याला वाटलं, दुःखाने भान सुटलं.

तिसऱ्या दिवशी राखेत दाणा सापडला. कवच आणि जोडण्या जळून गेल्या होत्या. धारित्र मूळचंच तेराशे अंशांच्या भट्टीतून निघालेलं, ते शाबूत होतं. तिने मोजलं. शंभरपैकी शंभर.

समितीने तिचं म्हणणं ऐकून घेतलं. अध्यक्षांनी सभ्यपणे विचारलं की चांगला दाणा चितेतून असाच निघतो आणि बिघडलेलाही असाच, तर समितीने पाहायचं काय? मग तिने रुग्णांच्या यादीतले नंबर फिरवायला घेतले. तुमच्या घरात कोणी गेलं तर चितेआधी कळवा, एवढंच सांगायचं होतं. पहिल्या वाक्यालाच लोक फोन ठेवत होते. त्यांचं तरी काय चुकत होतं?

तेराव्याला पाहुणे गेल्यावर आई तिच्याजवळ येऊन बसली.

"ह्यांचा दाणा मोजलास का गं? कसा निघाला?"

"चांगला निघाला. अगदी नव्यासारखा."

आईने पदराने डोळे पुसले. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा मोकळा दिसला. "म्हणजे तुझ्या हातून काही चुकलं नव्हतं," ती म्हणाली. "मला तेच खात होतं."

सुनेत्राने सांगायला तोंड उघडलं. आगीचं सांगितलं असतं, तर अण्णांचं बोलणं तीनदा कोणी तोडलं हेही आईला आठवलं असतं.

"नाही चुकलं, आई," ती म्हणाली.