शेवटची तीन मिनिटं

परीक्षकबाईंनी दोन कागद मामांसमोर शेजारीशेजारी ठेवले.

दोन्ही कागद आकडा न् आकडा सारखे होते. भंगार किती, चुना किती, वीज किती, मँगनीज किती. एकावर त्यांच्या भाचीचा क्रमांक होता, दुसऱ्यावर एका शिफ्ट इंजिनिअरचा.

"त्यांची नोंद अकरा दहाची, हिची अकरा पंचवीसची," बाई म्हणाल्या. "शिवाय ही त्यांच्या मागच्याच रांगेत बसली होती. चार वाजता निकाल सगळ्या देशांत जाईल. तोवर काही सिद्ध झालं नाही, तर हिचं नाव बाद, आणि कॉलेजला नकलेचं पत्र."

त्या पत्राचा अर्थ मामांना ठाऊक होता. कॉलेज पोरीला दारात उभं करणार नव्हतं. आईवडील गेल्यापासून, गेली तीन वर्षं, ती त्यांच्याकडे राहून नेमक्या याच शिक्षणासाठी रात्रीचा दिवस करत होती. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

जगभर एकाच वेळी होणारी ही स्पर्धा पोलाद बनवायची होती, पण आगीशिवाय. संगणकाच्या पडद्यावर भट्टी, तिच्यात आकडे भरायचे. सगळ्यात स्वस्त आणि निर्दोष पोलाद काढेल तो जिंकला. विद्यार्थ्यांचा गट वेगळा, कारखान्यातल्यांचा वेगळा, परीक्षा एकच. सराव हवा तितका करा, तो कुठे साठवला जात नाही. नोंद मात्र एकदाच.

मामांनी डाव्या हाताने कागद पुढे ओढला. उजवा नेहमीसारखा खिशात होता. पोलादाच्या भट्टीवर काम करताना दोन बोटं गेल्यापासून तो चारचौघांत बाहेर येत नसे.

मँगनीज पंचवीसच्या पटीत. चुनाही पंचवीसच्या पटीत. पडद्यावर सव्वीस घाला नाहीतर सत्तावीस, कोण अडवतंय? पण हाताने पंचवीस किलोची पोती फोडून माल टाकणाऱ्याचं गणित पंचवीसवरच चालतं. ही त्यांचीच रीत होती, आणि पंचाईतही तिथेच होती. कारण हा इंजिनिअर सात वर्षं त्यांच्याच हाताखाली तयार झालेला.

इंजिनिअर समोर येऊन बसला. सकाळी चहाच्या वेळी तो वाकून पाया पडला होता, तेव्हा मामांनी डाव्या हाताने त्याची पाठ थोपटली होती.

"उस्ताद, मला फार वाईट वाटतंय हो."

"कागद तुझा?"

"माझा कसला, तुमचाच. तुम्ही भट्टीवर शिकवलंत ते जसंच्या तसं घातलं. पोरगी मागे बसली होती. आता पुढचं मी कुठल्या तोंडाने बोलू?"

बाईंनी मान हलवली. मामांनी कागद शेवटपर्यंत वाचला. शेवटची ओळ: वितळल्या पोलादात वायू सोडून ते ढवळणे, तीन मिनिटं.

त्यांच्या कपाळाला आठी पडली. ओतण्याआधीच्या या ढवळणीला ते जन्मभर पाच मिनिटं देत आले होते. तीन? तीन कोणाचे? पोरीने खरंच दुसऱ्याचं उतरवलं की काय? ते उठून बाहेर गेले.

भाची बाहेर पाण्याच्या टाकीपाशी उभी होती. रडून डोळे सुजले होते.

"खरं सांग. कुठून उतरवलंस?"

"मामा, तूसुद्धा?"

"ढवळणी तीन मिनिटं का?"

"तूच तर शिकवलीस!"

"मी? कधी?"

"शंभर वेळा. सगळं तोंडाने सांगतोस आणि ढवळणी आली की नुसता हात वर करतोस. मीठसुद्धा तू हातानेच मागतोस, मामा." तिने हात वर करून दाखवला.

मामांनी तिच्या हाताकडे पाहिलं. मग आपल्या खिशाकडे.

"सरावाचे आकडे लिहिलेली तुझी वही कुठे होती?"

"बॅगेत. आणि चहाला जाताना तूच म्हणालास, बॅग या इंजिनिअरदादापाशी राहू दे, आपलाच माणूस आहे."

चार वाजायला बारा मिनिटं उरली होती. मामा भाचीला घेऊन आत आले.

"बाई, दोनच प्रश्न. काय रे, या कागदातला एखादा आकडा तू स्वतः बदललास?"

"एकही नाही. सगळं तुमच्याकडून शिकलेलं."

"लिहून द्या," बाई म्हणाल्या. त्याने खुशाल सही केली.

"भट्टीपाशी माझं बोलणं ऐकू यायचं तुला?"

"छे! त्या आवाजात? सगळा कारभार हातांनी."

"मग शेवटच्या ढवळणीची खूण दाखव."

सात वर्षांची सवय. इंजिनिअरचा पंजा आपसूक वर गेला, पाचही बोटं पसरलेली. मग त्याची नजर कागदावरच्या तिनावर पडली आणि हात तसाच हवेत राहिला.

"म्हणजे... ते मी नंतर..."

"आत्ताच लिहून दिलंत, एकही आकडा बदलला नाही म्हणून," बाई म्हणाल्या.

मामांनी उजवा हात खिशातून काढला आणि टेबलावर ठेवला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं. पुढे काही नव्हतं.

"भट्टीवरची सगळी पोरं या पंजावर पाच मिनिटं शिकली, बाई. हाही. पण माझी भाची घरी आली तेव्हा पंजा असा झाला होता. मी पाच दाखवत होतो, ती तीन बघत होती. आत्ता बाहेर तिने सांगेपर्यंत मलाही पत्ता नव्हता. भट्टीवर राबलेला माणूस तीन मिनिटांवर पोलाद ओतायला धजणार नाही. हे तीन जगात फक्त हिच्या वहीत होते. चहाच्या वेळी वही असलेली बॅग याच्या मांडीवर होती, आणि ती मीच याच्या हवाली केली होती."

इंजिनिअरने तोंड ओंजळीत लपवलं.

"आमची भट्टी पुढच्या महिन्यात बंद होतेय, उस्ताद. कायमची. आमच्या गटात पहिला येईल त्याला परदेशात नोकरी आहे. घरी काय सांगू, काही सुचेना."

बाईंनी त्याच्या कागदावर आडवी रेघ मारली. भाचीचा कागद त्यांनी निकालाच्या गठ्ठ्यात ठेवला. चाराला तीन मिनिटं होती.

"मामा, म्हणजे माझं चुकलंच होतं?" भाचीने हळूच विचारलं.

"खऱ्या भट्टीत पाचच द्यायची. पडद्यावर तुझी तीन पुरली, म्हणून स्वस्त पडलं."

इंजिनिअर उठला, पण त्याचे डोळे त्या हातावरून हलेनात. "उस्ताद, बोटं कधी गेली?"

"तू दुसरीकडे गेलास, त्यानंतर सहा महिन्यांनी. क्रेनच्या साखळीत सापडली. अख्खी शिफ्ट येऊन गेली भेटायला. तुझी मी महिनाभर वाट बघितली."

मामांनी हात पुन्हा खिशात घातला नाही.

"एकदा जरी घरी आला असतास ना, तरी आज हे तीन कुठले ते तुला कळलं असतं."