चार नंबरचा कापूस

खोटं वाटलं तर सोडून द्या. पण यातला एकही आकडा मी वाढवून सांगत नाहीये. आकडे सांभाळणं हेच माझं काम होतं.

मंगळवार. दुपारचे पावणेतीन. तिसरा मजला, नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. खिडकीत लख्ख ऊन. भुताखेताची वेळच नव्हती.

मी नुकतीच एम.एस्सी. होऊन तिथल्या एका संशोधनात लागले होते. अत्यवस्थ बाळाच्या मूत्रपिंडांना इजा झाली, तर रक्तातून ते एक-दोन दिवस उशिरा कळतं. लघवीतलं एक प्रथिन मात्र काही तासांतच वाढतं. ते मोजायचं.

एवढ्याशा बाळाची लघवी मिळवायची कशी? डायपरमध्ये कापसाचे दोन बोळे ठेवायचे. तीन तासांनी काढून सिरिंजमध्ये पिळायचे. म्हणून सिस्टर मला ‘कापूसवाली’ म्हणायच्या.

चार आणि पाच नंबरच्या वॉर्मरवर, म्हणजे बाळांना ऊब देणाऱ्या खाटांवर, जुळ्या बहिणी होत्या. मोठी आणि धाकटी. नावं ठेवायची राहिली होती.

सोमवारी पहाटे मोठी गेली.

मंगळवारी बाराच्या सुमारास मी सवयीने चार नंबरवरही डायपर पसरला. बोळे ठेवले. मग लक्षात आलं.

विभागाच्या मोठ्या सिस्टर बघत होत्या. "ए कापूसवाली, तिथे कुणाची वाट बघतेस?"

"चुकलं, सिस्टर."

"राहू दे आता. कुणी नवीन आलं की लागेलच."

पावणेतीनला मी धाकटीचा डायपर उघडला.

कापूस कोरडा... सलग तिसऱ्यांदा. नऊ तास झाले होते.

"सकाळचं रक्त ठीक होतं," डॉक्टर म्हणाले. "जंतुसंसर्गाचं औषध चालू ठेवा. पुढचा डोस चारला."

ते औषध मूत्रपिंडांना जड जातं. आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाच्या रक्तातला मूत्रपिंडांचा आकडा बराचसा आईचाच असतो. डॉक्टरांनाही हे माहीत होतं. पण औषध थांबवलं तर संसर्ग उलटण्याची भीती. माझ्या हातात नमुनाच नव्हता. बोलणार कशाच्या जोरावर?

धाकटीची आई स्टुलावर बसली होती. "ताई, झाली का हो तिला?"

"अजून नाही."

"मोठीलाही शेवटी होत नव्हती..."

मी तोंड फिरवलं. चार नंबरचा कापूस उचलायला गेले.

दोन्ही बोळे ओले होते.

जड.

आणि... कोमट.

वॉर्मर बंद होता. प्लगसुद्धा काढलेला. छत कोरडं, खालची चादर कोरडी.

सलाइन सांडलं असेल, मी स्वतःला समजावलं. सलाइनमध्ये प्रथिन नसतं. मशीनला लावलं की आपोआप कळेल.

बोळे पिळले. दीड मिली.

अर्ध्या तासाने आकडा आला. नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या अकरा पट.

सलाइन नव्हतं ते.

नळीवर नंबर लिहायचा होता. चार लिहिणं शक्य नव्हतं.

मी पाच लिहिलं.

चारला दहा कमी असताना मी डॉक्टरांपुढे कागद धरला.

"कोरडं होतं म्हणालीस ना?"

"नंतर झाली, सर."

"ही संशोधनाची तपासणी आहे. हिच्यावर उपचार ठरवत नाहीत आपण." त्यांनी कागद हातात घेतला. पुन्हा आकडा पाहिला. "पण नऊ तास... थांबवा. दुसरं औषध लावा."

मोठ्या सिस्टरच्या हातात सिरिंज भरून तयार होती. त्यांनी ती खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी धाकटीच्या रक्तातला आकडा दुप्पट झाला. तिसऱ्या दिवशी आणखी वर.  पाचव्या दिवशी तिचा कापूस ओला झाला आणि अख्ख्या विभागाने टाळ्या वाजवल्या. मग आकडाही हळूहळू उतरला.

"अजून दोन डोस गेले असते तर..." डॉक्टर रिपोर्ट बाजूला ठेवत म्हणाले.

मोठ्या सिस्टरनी मला एकदाच बाजूला घेतलं. "अगं, तेव्हा तिला झालीच नव्हती. मी तिथेच होते."

मी मान खाली घातली.

"बरं. मीही काही पाहिलं नाही."

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिली नसती.

गेल्या आठवड्यात धाकटी सहा महिन्यांच्या तपासणीला आली. गुबगुबीत. सगळे रिपोर्ट उत्तम. आई हसत सांगत होती, "ताई, एक गंमत ऐका. ही पाळण्यात नेहमी एका कडेला सरकून झोपते. अर्धी जागा मोकळी सोडते. आणि सकाळी बघावं, तर ती मोकळी जागाच ओली! हिचा डायपर मात्र कोरडा."

मी एवढंच विचारलं, "ओलं... कोमट असतं का?"

तिचं हसू थांबलं.

मी तिला कापसाचे दोन बोळे दिले. मोकळ्या जागी ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते एका डबीत घालून तिने आणून दिले.

डबी प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये आहे. आज सहावा दिवस. तपासणीला फक्त अर्धा तास लागतो.

आकडा साधा निघाला तर प्रश्नच नाही. पण मागच्यासारखा निघाला तर? धाकटीचे रिपोर्ट तर सगळे चांगले आहेत. मग डॉक्टरांना काय सांगू? मागच्या वेळीही रक्त ठीकच होतं...

आज घरी निघताना मी फ्रिज उघडला. बाकीच्या नळ्यांना हात लावून पाहिला. गार होत्या.

मग डबीला लावला.

कोमट.