मौनक

नागपूरच्या प्रयोगशाळेतल्या पडद्यावर नळीच्या तुकड्याचं चित्र उमटलं आणि डॉ. शर्वाणी किल्लेदार खुर्चीतून उठल्याच. नळीचा आतला पृष्ठभाग दिसतच नव्हता. सगळीकडे जिवाणूंचा जाड, चिकट थर होता.

"ही चैत्राली गेडामच्या घरच्या श्वासयंत्राची बदललेली नळी?"

"हो," बालरोगतज्ज्ञ डॉ. फिरोज मुल्ला म्हणाले. "पण पोरीला वर्षभरात साधा तापही नाही. तुमच्या मौनकाची कमाल! उद्या तिचं यंत्र बंद करतोय."

मौनक हे शर्वाणींनीच शोधलेलं द्रव्य. मुलांच्या श्वासयंत्रांच्या पाण्याच्या टाकीत हे जिवाणू वाढत. कितीही धुवा, उकळा, ते परत येत. औषधांनाही दाद देत नसत. म्हणून त्याच पाण्यात मौनक मिसळायचं, ते वाफेबरोबर फुप्फुसात जाई; पण ते जिवाणूंना मारत नव्हतं. त्यांचं आपसातलं बोलणं तेवढं बंद करत होतं.

"डॉक्टर, हे जिवाणू एकेकटे हल्ला करत नाहीत," शर्वाणी म्हणाल्या. "प्रत्येक जण संकेतरेणू सोडतो. ते पुरेसे साठले की सगळ्यांना कळतं, आपण खूप आहोत. मगच ते विष सोडतात. मौनक हा संकेत अडवतं, म्हणून ते गप्प राहिले. पण वाढायचे थांबले नाहीत."

मुल्लांचा चेहरा उतरला. "म्हणजे तिच्या फुप्फुसातही..."

"असाच थर असणार. मौनक शरीरात जेमतेम एक दिवस टिकतं. यंत्र बंद झालं की सगळे एकदम बोलतील."

मुल्लांनी चैत्रालीच्या आईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"सुनंदाताई, यंत्र बंद करू नका! चालू आहे ना?"

"चालूच आहे ना जी. तिचे बाबा बसले आहेत जवळ. तुम्हीच तर उद्या म्हणाले होते."

मुल्ला हायसे होऊन खुर्चीत टेकले. शर्वाणींनीही सुस्कारा सोडला. वेळेत कळलं होतं. उपाय सापडेपर्यंत यंत्र चालू ठेवायचं, एवढंच.

तेवढ्यात फोनवर खोकल्याची उबळ ऐकू आली.

"कोण खोकतंय?" शर्वाणींनी विचारलं.

"मीच. काल पहाटे माहेरी आली, आईला आनंदाची बातमी सांगायला. वर्षभर पोरीच्या उशाशीच होती, एक रात्र हलली नाही. इथं आल्यावर अंग जरा तापलं. हवा बदलली ना."

शर्वाणींनी काल पहाटेपासूनचे तास मोजले; दिवस उलटून गेला होता. यंत्रातून निसटणारी वाफ वर्षभर त्या खोलीत पसरत होती. जिवाणू आणि मौनक, दोन्ही घेऊन.

"सुनंदाताई, आत्ताच्या आत्ता जवळचं इस्पितळ गाठा. आम्ही मौनक घेऊन निघतोय."

"अहो मॅडम, साधा खोकला तर आहे," म्हणत सुनंदा हसायला गेली, आणि पुन्हा उबळ आली. ती थांबेचना.