सातवी प्रेस

नाव बदलण्याइतकं बिनडोक काम दुसरं नाही, असं मी गुरुवारी आमच्या बॉस चित्रा मॅडमना तोंडावर ऐकवलं. आमचं ऑफिस भोसरीत, एका लेथ वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर. दिवसभर खालून कूलंटचा वास येतो. चाकणच्या एका कारखान्यातल्या, पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसचे प्रोग्रॅम आम्ही लिहितो. ते आणि त्यांतला प्रत्येक बदल गिट नावाच्या प्रणालीत जपलेला असतो. तिथल्या मुख्य शाखेचं, म्हणजे प्रेस जिथून प्रोग्रॅम घेतात त्या प्रतीचं, नाव पहिल्यापासून ‘मास्टर’. आता सगळीकडे ‘मेन’ म्हणतात, आपणही म्हणू, असं मॅडमचं म्हणणं. अकरा वाजता मी ‘मेन’ केली, यादीतल्या सहाही प्रेसना नवं नाव कळवलं, ‘मास्टर’ पुसली आणि चहाला गेलो.

हे सगळं उभं करणारे सोपानराव गेल्या दिवाळीत वारले. कसलाही बदल करण्याआधी ते प्रेसवरच्या रोहिदासला फोन करायचे आणि नोंदीत लिहायचे, ‘रोहिदासला विचारलं. हात ठीक.’ आम्ही त्यांची यथेच्छ टिंगल करायचो. नुसत्या नावासाठी फोन कशाला? मी नोंदीत ‘नाव बदललं’ एवढंच लिहिलं.

शुक्रवारी नऊला पाहतो तर ‘मास्टर’ हजर. पुसली. साडेदहाला पाहिलं, तर नऊ-वीसपासून ती परत होती. वैतागून पुन्हा पुसली. दहा-चाळीसला आली. कुणी आणली, तिथे नाव नव्हतं. परवानगी फक्त मला आणि माझ्या सहकारी वर्षालीला, आणि ती भावाच्या लग्नासाठी आळंदीत.

आता मला भीती वाटायला लागली होती. मी रोहिदासला फोन लावला आणि सहाही प्रेस नीट आहेत ना, म्हणून विचारलं.

“सहा न्हाई सर, सात हायेत. मागच्या शेडातली जुनी सातवी. सोपानरावांनीच जोडलीया. काल बंद व्हती, आज चालू केली.”

सातवी माझ्या यादीतच नव्हती. डाय, म्हणजे आतला साचा, बदलली की ती दर वेळी नव्याने ‘मास्टर’ मागते, हे त्याच्याकडूनच कळलं. नाही मिळाली, तर स्वतःतला जुना प्रोग्रॅम लावते. त्यात हात आत असताना थांबायची सोय नाही.

“आज डाय कधी बदलली?”

“दोनदा. साडेनऊला आन् पावणेअकराला.”

दोन्ही वेळा त्याच्या पाच-दहा मिनिटं आधीच ‘मास्टर’ परतली होती. सातवी बंद करायला सांगितली आणि बाइक काढली.

चाकणला पोचल्यावर आधी रोहिदासचे दोन्ही हात हातात घेतले. दहा बोटं होती. मला रडू आलं. तो बिचारा मलाच पाणी देत बसला.

सातवीला नवं नाव देऊन परतलो. ‘मास्टर’ शेवटची पुसली, तासभर वाट पाहिली. नाही आली. मॅडमकडे चूक कबूल केली, टपरीवर दोन वडापाव खाल्ले. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

मग गुरुवारची माझी नोंद उघडली. नाव माझं, वेळ अकराची.

‘नाव बदललं.’

त्याखाली आणखी एक ओळ होती.

‘रोहिदासला विचारलं. हात ठीक.’