वेळंआधीचा ठोका

बसा असं निवांत. चहा येतोय तवर एका लेकीची गोष्ट सांगतो, बापाच्या छातीवरचा हात जिला सोताच्या हातानं बाजूला करावा लागला तिची. लांबण लावत न्हाय. पण शेवटाला तुमाला एक काम सांगणार हाय, तेवढं मातूर करायचं.

तर आपल्या सोलापुरातलाच एक दवाखाना. तितं काळजाची पट्टी काढत्यात न्हवं का, ईसीजी म्हणत्यात, त्या मशीनवर धम्मप्रिया कामाला. सकाळची गर्दी. पडदा सरकला आन आत आली मीनाबाई, तिची आई. आन आईच्या खांद्याचा आधार घेत मागनं यशवंत, तिचा बाप... ज्या बापाशी ती लग्नाच्या दिसापासनं एक शबूद बोलली नव्हती.

मीनाबाई तोंडातल्या तोंडात म्हणाली, कामावर चक्कर येऊन बसलं, पाया पडून आणलंय. धम्मानं कॉटकडं बोट केलं.

आता ह्यो राग कशाचा, ते ऐका. यशवंत अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागावर कामाला. लेक हुशार. शाळंत असताना शेजारच्या संगप्पाचा हात त्याच्या घरच्या मागाच्या पट्ट्यात घावला, बायामाणसं तोंड फिरवून रडाय लागली, तवा ह्या एवढ्याशा पोरीनं आपली ओढणी फाडून त्याचा हात बांधला, रगतानं कोपरापतूर भरली तरी पापणी हालली न्हाय तिची. यशवंत तवा कारखान्यात पाळीवर. बघितलं ते आईनं. तवापासनं पोरीचं एकच, मी नर्स हुणार. बारावी झाली, पुण्याला नर्सिंगला नंबर लागला, ट्रंक भरून झाली... आन बापानं एकाएकी माढ्याकडचं स्थळ धरलं. का, ते सांगंना. रडून, उपाशी राहून झालं, त्यो आपला एकच बोलायचा, "माझ्या डोळ्यांदेखत हुईल तेवढं हुंदे."

लग्नाला बुद्धविहारात पांढऱ्या साडीत उभी असताना तिनं बापाकडं एकदाच मान वर करून बघितलं. त्यो छातीवर तळवा दाबून उभा. एकदाचं वझं उतरलं म्हणून सुस्कारा टाकणाऱ्या माणसावानी. त्यो तळवा तिच्या काळजात जो रुतला, त्यो रुतलाच!

नवरा दारूडा निघाला. मारझोड झाली, एक दिवस पोरगी बोचकं घिऊन सोलापुरात परत आली, पण बापाच्या दाराला न्हाय गेली. भाड्याची खोली घेतली, हे मशीनचं शिकली, नोकरीला लागली. आई चोरून डबा आणायची. बाप कवा आला न्हाय, हिनं कवा बोलावला न्हाय. सणाला दोन घरात दोन चुली, आन मधनं आईची ये-जा... काय म्हणावं त्या माऊलीला.

तर यशवंत कॉटवर आडवा झाला. सदऱ्याची बटनं सोडली. आन पुन्यांदा त्योच तळवा, तितंच, छातीवर.

"हात काढा," धम्मा म्हणाली. इतक्या वर्सांनी बापाला पयला शबूद काय, तर ह्यो.

त्यो हात काढंना. तिनंच मनगट धरून बाजूला केला. लाकडावानी हात, सुतानं चिरा पडलेला.

"काढ बाई," त्यो छताकडं बघत म्हणाला. "त्यो चुकला की कळावं, म्हणून ठिवतोय."

तिला कळलं न्हाय. तुमाला सांगतो. मागाच्या शेडात आवाज एवढा, की कान काय कामाचं न्हाईत. कारागीर मागाच्या सांगाड्यावर तळवा ठिवून ठोका वळखतो. आन एकदा का मागानं ठोका गाळायला सुरवात केली, की समजायचं, ह्यो आता बंद पडतोय. यशवंतच्या छातीत तसंच व्हायचं. चालता चालता एक ठोका गळायचा, पोटात खड्डा पडायचा, आन मग धाडकन एक. त्याचा बाप मागापाशीच बसल्या जागी गेलेला. ह्यानं हिशेब जुळवला, आपलाबी माग बंद पडाय आला. घरात सांगितलं न्हाय, डॉक्टरला दावलं न्हाय. माग बिघडला तर मेस्त्री बोलावणारा माणूस, सोताच्या काळजाला मातूर नुसता हात लावून बसला.

मशीन सुरू झालं. कागुद सरकाय लागला. बारकी टेकडी, मग उंच बारीक सुळका, मग गोल उतार... असं एकासारखं एक, टॉवेलच्या काठावानी. आन मधीच एक आला. वेळंच्या आधी, घाईनं, त्याच्या आधी टेकडी न्हाय का काय न्हाय, रुंद आन वाकडातिकडा. त्याच्या मागं मोकळी जागा. मग परत सगळं सरळ. थोडं जाऊन पुन्हा तसाच एक. असलं ती रोज बघती. तिचा जीव भांड्यात पडला.

डॉक्टर सुकन्या म्याडमनी पट्टी बघितली, काळजाची सोनोग्राफी केली, रगत तपासलं. मग मायलेकीसमोर यशवंतला समजावलं, "काका, तुमचा ठोका चुकत नाही. एक ठोका लवकर येतो. हृदय भरायच्या आधीच पडतो, म्हणून हाताला लागत नाही. मग ते जरा थांबतं, नीट भरतं, म्हणून पुढचा जोरात लागतो. कुणाकुणाला यात धोका असतो, म्हणून सगळं तपासलं. तुमचं हृदय चांगलं आहे. चक्कर आली ती उपाशीपोटी, उकाड्यानं. तंबाखू सोडा, जागरण कमी करा, आणि पुन्हा चक्कर आली तर घरी बसू नका."

यशवंतनं विचारलं, "मागं, लई वर्सांपूर्वीबी आसंच व्हायचं. तवाबी हेच आसंल?"

"बहुतेक हेच," म्याडम म्हणाल्या आन पुढच्या पेशंटकडं गेल्या.

रिपोर्ट चांगला आला, आन माणूस खचला. कॉटच्या कडंला बसून त्यो लहान पोरावानी रडाय लागला. "म्हंजे मी मरत नव्हतो... मला वाटलं, मी गेल्यावर हिचं कोण बघंल, म्हणून घाई केली. धम्मा, मग तुला मी का गं घालवलं?"

धम्माच्या हातात ती पट्टी. घाईनं पडलेला त्यो वाकडा ठोका, आन त्याच्या मागची मोकळी जागा. त्या जाग्यावर तिनं बोट ठिवलं. एवढी वर्सं सांभाळलेला राग... आता ठिवायचा कुटं? तिला ओरडावंसं वाटलं, की एकदा बोलला आसता तर! पण समोर बाप असा बसलेला, की खरं बोललं तर काळजाला काय न झालेला माणूस त्याच कॉटवर मरंल.

तिनं पदरानं त्याच्या छातीवरची जेली पुसली, बटनं लावली आन म्हणाली, "दादा, उगं रडू नगा. मला ते नर्सिंग जमलंच नसतं. रगत बघितलं की चक्कर येती मला. म्हणून तर ही कागदाची नोकरी धरली. हितं रगत न्हाय का काय न्हाय."

त्यानं डोळं पुसत तिच्याकडं बघितलं. "खरं?"

"व्हय. आईला विचारा."

मीनाबाईला संगप्पाचा हात आठवला, ती फाटकी ओढणी आठवली. तिनं पदर तोंडाला लावला, आन मान हालवली. व्हय म्हणून.

त्या दिवशी सांजच्याला धम्मा बापाच्या घरात जेवली. भाकरी मोडताना यशवंतचा हात सवयीनं छातीकडं निघाला, मधीच थांबला, आन लेकीच्या डोक्यावर जाऊन टेकला. ती खाली मान घालून जेवत राहिली. ताटात काय पडलं, ते आईनं बघितलं न बघितल्यासारखं केलं.

आता तुमचं काम. एमआयडीसीच्या वाटंवर चहाच्या टपरीला यशवंत भेटंल तुमाला. तंबाखू सोडलीय, म्हणून बडीशेप चघळत आसतो. आल्यागेल्याला हसत सांगतो, माझी लेक दवाखान्यात हाय, पण रगत बघून चक्कर येती तिला. तुमी एवढंच करा... नुसतं व्हय म्हणा.