अडतीस माणसांचं ठाणं

दुपारी तीनच्या सुमाराला तो पोलीस ठाण्यात शिरला, तेव्हा समोरच्या टेबलावर ती एकटीच होती. कानाशी फोन, दुसऱ्या हाताने वहीत नोंद, आणि पुढ्यात उघडून तसाच राहिलेला डबा.

“सायकल हरवली,” तो म्हणाला.

“रंग?”

“काळा.”

“कुठून गेली?”

“बाजारातून… तुम्ही आधी जेवून घ्या ना. मी थांबतो.”

तिने मान वर केली. सहा वर्षांच्या नोकरीत एकाही तक्रारदाराने तिला जेवून घ्या म्हटलं नव्हतं. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा हजर. सायकलची चौकशी वरवरची, नजर मात्र रिकाम्या खुर्च्यांवर.

“आजही एकट्याच?”

“तुम्हाला काय करायचंय?”

“नाही… सहज.”

“सायकल कोणत्या रंगाची म्हणालात?”

“हिरवी. म्हणजे… काळपट हिरवी.” तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडायची. हे आपल्याला दिसलंच कसं, म्हणून ती स्वतःवरच चिडली.

मग तो रोजच येऊ लागला. ठाणं कधी रिकामं असतं याचा हा अंदाज घेतोय, जप्तीच्या मालाच्या खोलीवर याचा डोळा आहे, अशी तिची खात्रीच पटत चालली. तरी तीन वाजत आले की तिचं लक्ष दाराकडे जायचं. संशयिताची वाट बघताना कुणी केस नीट करतं का? ती करायची.

नवव्या दिवशी काम आटोपून ती बाहेर पडली, तर तो समोरच्या चहाच्या दुकानात बसून काहीतरी लिहीत होता. ती दबक्या पावलांनी मागे गेली आणि वही ओढून घेतली.

‘टेबलावर एक. गस्तीवर दोन. कोठडीपाशी कोणी नाही. टेबलावरच्या बाई अकरा तास बसून. आजही जेवल्या नाहीत.’

“उठा. चला ठाण्यात.”

त्याने खिशातून ओळखपत्र काढलं. मुख्यालयातल्या भरती विभागात तो कारकून होता.

“कागदावर तुमच्या ठाण्यात अडतीस माणसं आहेत,” तो हळूच म्हणाला. “मला सतराच सापडली. खरा आकडा वर गेल्याशिवाय नवी भरती मंजूर होत नाही. आधी सांगून आलो असतो, तर तुमच्या साहेबांनी शेजारच्या ठाण्यातून माणसं आणून उभी केली असती.”

उरलेली एकवीस माणसं तिला चांगली ठाऊक होती. कुणी साहेबांची बाग राखत होतं, कुणी त्यांच्या ओळखीच्यांच्या गाड्या चालवत होतं. आणि साहेबांच्या हुकमावरून त्यांची हजेरी रोज तिच्याच हाताने लागत होती.

“म्हणजे ते जेवून घ्या म्हणणं, ते हसणं… सगळं आकड्यासाठी?”

“मोजणीला चारच दिवस पुरले असते.”

“मग नऊ दिवस का आलात?”

त्याने चहाचा कप बाजूला सरकवला. “तेच… तेच सांगायला येत होतो रोज.”

चोराला धरताना तिची जीभ कधी अडखळली नव्हती. आता अडखळली. “हजेरी… मी लिहिते. तुमच्या अहवालात माझं नाव येईल.”

“अजून लिहिलं नाही. नाही लिहिलं तरी चाले—”

“खबरदार! असली मेहेरबानी केलीत तर मला तुमच्या प्रत्येक गोड शब्दाचा संशय येत राहील. जन्मभर.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने स्वतःच्या अक्षरात जबाब लिहिला आणि मुख्यालयात नेऊन दिला. खोटी हजेरी कुणी लावायला सांगितली, कधीपासून, सगळं. तिला घरी बसवून चौकशी सुरू झाली. ती संपेपर्यंत भेटायचं नाही, असं तिने त्याला बजावलं होतं. त्याने ते पाळलं. इतकं काटेकोर पाळलं, की तिला त्याचाही संशय येऊ लागला… विसरला की काय हा?

तीन महिन्यांनी निकाल लागला. साहेबांना आणि त्या एकवीस जणांना घरचा रस्ता दाखवला, तिला ताकीद देऊन कामावर घेतलं, आणि एकवीस जागांच्या भरतीची जाहिरात निघाली. ताकीद घेऊन ती मुख्यालयाच्या पायऱ्या उतरली, तर खाली तो उभा. इस्त्रीचा शर्ट, चेहरा घामाने डबडबलेला.

“लग्न कराल माझ्याशी?” त्याने एका दमात विचारलं.

“घरी माहीत आहे?”

“आईला सगळं सांगितलंय.”

“नंबर द्या.”

तिने तिथल्या तिथे फोन लावला. “तुमचा मुलगा म्हणतो, त्याने माझ्याबद्दल तुम्हाला सांगितलंय. खरं का?”

पलीकडे हसू फुटलं. “अगं, तीन महिने दुसरं काय ऐकतेय मी! आणि खात्रीच करायची असेल तर त्याचे कान बघ. लहानपणापासून खोटं बोलला की लाल होतात.”

तिने त्याला दंडाला धरून उजेडाकडे वळवलं. “पुन्हा विचारा.”

“काय?”

“मघाशी विचारलंत ते.”

त्याने विचारलं. कान नेहमीसारखेच सावळे होते. तिचे मात्र चांगलेच तापले.

“हो,” ती म्हणाली.

“ऐकलं बरं का मी!” फोनमधून त्याची आई ओरडली.